टपालाच्या विमानाचं वजन

वेंडेल ट्वेटनं आयुष्यात हजारो विमानं पकडली, आणि त्यातलं एकही उतरताना त्याला दिसलं नाही. तो डेकच्या खाली बसायचा. वर विमान यायचं, शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या टाकलेल्या तारेत अडकायचा, तार ताणली जायची, आणि खाली वेंडेलच्या खोलीत ट्रकएवढं यंत्र धापा टाकत त्या विमानाची रग जिरवायचं. आमच्या ‘बेमिस हाइट्स’ या विमानवाहू जहाजावर अशा चार तारा होत्या. तिसरी वेंडेलची. वैमानिकांना हीच तार हवी असते, त्यामुळे वेंडेलला वाटायचं की ते सगळे आपल्यालाच भेटायला येतात.

त्या यंत्राला एकच गोष्ट कळावी लागते, येणाऱ्याचं वजन. हलक्या विमानाला जड वजन लावलं तर तार भिंतीसारखी उभी राहते. जडाला हलकं लावलं तर विमान तार ओढत पलीकडे समुद्रात. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की वरून फोनवर विमानाची जात ओरडायची, खालच्यानं यंत्राची मूठ फिरवून तेवढं वजन लावायचं, तेच परत वर ओरडायचं, आणि चारही तारांकडून ‘लावलं’ आल्याशिवाय डेकवरचा लाल दिवा हिरवा करायचा नाही. तोवर आकाशात कुणीही असो, त्यानं घिरट्या घालाव्यात.

वेंडेल नेब्रास्काचा, डुकरं पाळणाऱ्या घरातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा ‘एवढं पाणी आणि पिकत काहीच नाही’ एवढंच म्हणाला होता, असं तोच सांगायचा. आवाज मोठा, डोकं मोठं, भांडायची हौस त्याहून मोठी. जेवणाच्या रांगेत बटाट्यांवरून भांडायचा, पत्ते खेळताना स्वतःच्याच जोडीदाराशी भांडायचा. पीनट बटरच्या सँडविचमध्ये कच्चा कांदा घालून खायचा, म्हणून तारेच्या खोलीत त्याच्याजवळ बसायला कुणी राजी नसे. मला त्यानं नावानं कधी हाक मारली नाही. मी कान्ससचा, म्हणून ‘कान्सस’. नेब्रास्कावाल्यांना कान्सस म्हणजे अर्धवटांचा मुलूख वाटतो. आम्हांला त्यांचा वाटतो, आणि आमचं बरोबर आहे.

त्याला चीफ, म्हणजे खलाशांवरचा मुकादम, व्हायचं होतं. चीफ झालं की खलाशाची ती वाटीसारखी पांढरी टोपी जाते आणि चोच असलेली टोपी येते, जेवायला वेगळी खोली मिळते, आणि अधिकारीसुद्धा ओरडण्याआधी दोनदा विचार करतात. परीक्षेत तो आपटत आपटत एकदाचा पास झाला होता आणि उन्हाळा संपता संपता टोपी डोक्यावर येणार होती. त्याची बायको लोरीन सॅन डिएगोत टूना मासे डबाबंद करायच्या कारखान्यात होती. तिनं तिथल्या झाडून सगळ्या बायांना सांगून टाकलं.

“अजून डोक्यावर आली नाही आणि ही गावभर मिरवतेय,” वेंडेल माझ्यापाशी करवादला.

पण दाढी करताना आरशात आपलं डोकं डावीकडून आणि उजवीकडून कसं दिसेल हे तो बघायचा. आम्ही सगळे बघायचो त्याला बघताना.

तर अशा वेळी पाहुणे आले.

बंदरातून निघायच्या सकाळी साध्या कपड्यांतली काही माणसं पेट्या घेऊन जहाजावर चढली. सगळ्यांचे बूट नवे. त्यांचा म्होरक्या मिस्टर ऑल्डन. हे त्याचं खरं नाव नव्हतं हे आम्हांला ठाऊक होतं आणि आम्हांला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं, तरीही हाक मारली की तो क्षणभर थांबून मग वळायचा. ते हवामानाचा अभ्यास करायला आलेत, असं आम्हांला सांगण्यात आलं. हवामानाचा अभ्यास करायला एवढी माणसं आणि त्यांतल्या एकालाही उद्या पाऊस येईल का हे सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला. ज्यांचं डेकवर काम नाही त्यांनी खाली जायचं, छताकडे तोंड करून गप्प बसायचं. डेकवर आमच्यापैकी मोजके राहिले. मी राहिलो, कारण उतरलेल्या विमानाच्या हुकातून तार सोडवायला कुणीतरी धावावं लागतं आणि ते पाहुण्यांपैकी कुणाला जमलं नसतं.

आणि मग ऑल्डनसाहेबांना आठवलं, की जहाजाच्या फोनवर अर्धं जहाज कान लावून असतं. येणाऱ्या विमानाची जात त्यावर ओरडणं म्हणजे गुपिताचं मातेरं. डेकचा मुख्य अधिकारी लेफ्टनंट कमांडर हॅवरकॅम्प त्यांच्या शेजारी उभा होता, मी चार हातांवर. ऑल्डन म्हणाले, “टपालाचं विमान म्हणा.”

“पण तारांचं...” हॅवरकॅम्प म्हणाला.

“कमांडर, टपालाचं विमान.”

हॅवरकॅम्प वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाचं एक बरं असतं, त्याच्याशी उघड भांडता येतं. हा चांगला होता आणि निवृत्तीला आला होता. त्यानं फोन उचलला आणि ओरडला, “टपालाचं विमान!”

खालून चार आवाज आले. तिसरा वेंडेलचा, सगळ्यांत मोठा. “टपालाचं विमान, लावलं!”

आमच्याकडे टपालाचं विमान म्हणजे काय, हे जमिनीवरच्या माणसाला कळायचं नाही. ते अंगानं दणकट, पोट सुटलेलं, दोन इंजिनांचं गाढव आहे, पण ते येतंय म्हटलं की स्वयंपाकीसुद्धा पळी टाकून येतो. छताकडे तोंड करून बसलेले सगळे खलाशी उठले आणि टपालाच्या खिडकीपुढे त्यांनी रांग लावली. गुपित राखायची ही रीत. पाहुण्यांनी साऱ्या जहाजाला ओरडून सांगितलं की काहीतरी येतंय.

आलं ते असं, की मी तोंड मिटायचं विसरलो. अंग काडीसारखं, पंख मात्र इतके लांब की टोकं वाऱ्यानं वरखाली होत होती. चाकं सायकलसारखी एकामागे एक. अंगावर कुठल्याच देशाची खूण नाही. आमची विमानं डेकवर दाणकन आपटतात, याला खाली यायचंच नव्हतं. हवेतून वर जाण्यासाठीच बनवलेलं ते, एवढ्या उंचीवर की तिथून कुणाच्याही अंगणातलं वाळत घातलेलं धुणं मोजता यावं आणि त्या माणसानं खालून दगड मारला तरी पोचू नये. ते डेकवर येऊन तरंगत राहिलं, तरंगत राहिलं, आणि मग हूक तिसऱ्या तारेत अडकला.

तार टपालाच्या गाढवासाठी लावलेली. तिनं त्या काडीला गाढवासारखंच ओढलं. विमान जागच्या जागी थिजलं, शेपूट वर आणि नाक खाली डेकवर. काच फुटल्याचा आवाज झाला. नाकात कॅमेरा होता म्हणे. हवामानाचा असेल. मग एक पंख कलंडून टेकला, दुसरा आकाशात उभा राहिला, आणि दोन जाडे पाहुणे धावत येऊन त्या वरच्या पंखाला लोंबकळले, तो खाली आणायला. त्यांना तेच काम होतं. मी तार सोडवली. फुगलेल्या पोशाखातला वैमानिक, ज्याला पाहुणे नुसतं ‘ड्रायव्हर’ म्हणत, बाहेर काढला तेव्हा त्याच्या काचेच्या शिरस्त्राणात आतून रक्त लागलं होतं. नाक फुटलं होतं, विमानाचं आणि त्याचंही.

खाली टपालाच्या खिडकीपुढे रांग तशीच उभी होती.

संध्याकाळच्या आत हॅवरकॅम्पच्या खोलीत चौकशी. तार सोडवणारा म्हणून मी, तार लावणारा म्हणून वेंडेल, आणि खुर्चीवर ऑल्डन.

“ट्वेट, तारेला काय लावलं होतंस?” हॅवरकॅम्पनं विचारलं.

“टपालाचं विमान, साहेब.”

“आज टपालाचं विमान आलंच नाही,” ऑल्डन म्हणाले.

“मग काय आलं?”

“ते तुम्हांला सांगता येणार नाही.”

“बरं. त्याचं वजन?”

“तेही नाही.”

वेंडेलनं माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग पुन्हा ऑल्डनकडे. “म्हणजे जे आलं त्याचं वजन मी का लावलं नाही, असं तुम्ही विचारताय. आणि ते काय होतं हे तुम्ही सांगणार नाही.”

“तुमच्या तारेमुळे एक माणूस जखमी झालाय.”

“माझ्या तारेमुळे?” वेंडेलचा आवाज एवढा चढला की बाहेरचा पहारेकरी दार उघडून आत डोकावला. “मिस्टर, तुमच्या घरी तुम्ही बायकोला सांगता का, की जेवायला कोण येणार ते विचारू नकोस, आणि मग हत्ती आणून उभा करता, आणि मग म्हणता खुर्ची का मोडली?”

“ट्वेट!” हॅवरकॅम्प म्हणाला.

हे अजून आठवलं की माझं रक्त चढतं. खोटं बोलले म्हणून राग आहे असं नाही. खोटं आम्हीही बोलतो, रजा मागताना तर फार. राग याचा, की आपलंच खोटं त्यांनी आमच्या यंत्राला खरं म्हणून भरवलं, आणि यंत्रानं इमानानं ते खाल्लं तर दोष यंत्रापाशी बसलेल्याचा.

ऑल्डन निघून गेल्यावर हॅवरकॅम्पनं दार लावून घेतलं. “हे बघ,” तो वेंडेलला म्हणाला, “वर कुणाला तरी एक कारण द्यावं लागेल. मूठ फिरवताना तुझा हात घसरला एवढं म्हण. ताकीद मिळेल, बस. टोपीला धक्का लागणार नाही, माझा शब्द.”

“आणि नाही म्हटलं तर?”

हॅवरकॅम्प खिडकीबाहेर बघायला लागला. त्या खोलीला खिडकी नव्हती.

वेंडेल लगेच नाही म्हणाला असं मी सांगितलं तर ते छान दिसेल, पण तो म्हणाला, “विचार करतो.” आणि त्यानं खरंच केला. जेवताना बटाट्यांवरून भांडला नाही, तेव्हाच आम्हांला कळलं.

“हात घसरला म्हणायला काय जातंय?” तो मला म्हणाला. “लोरीननं नुसतं सांगितलं नाहीये रे, कान्सस, तिनं केकवाल्याला टोपीच्या आकाराचा केक सांगून ठेवलाय.”

“मग म्हणा.”

“म्हणतो की.” तो कांदा कापत राहिला. “मग चीफ होऊन त्याच खोलीत उभा राहीन, आणि पोरांना सांगीन, वजन नीट लावा. आणि ती म्हणतील, हा बघा, हात घसरलेला.”

“पोरं काहीतरी म्हणणारच. तुमच्या सँडविचबद्दलही म्हणतात.”

“ते खरं आहे म्हणून म्हणतात, माकडा.”

तोवर पाहुण्यांनी खाली ताडपत्रीआड विमानाचं नाक नवं बसवलं. आम्ही बंदरापासून दूर, फार दूर, महासागराच्या अशा कोपऱ्यात आलो होतो जिथलं हवामान आमच्या सरकारला का हवं असावं हे कुणीच विचारलं नाही. एका सकाळी ड्रायव्हरला स्टेक आणि अंडी खिलवून, पोशाखात भरून, वर पाठवला. विमानांना गलोलीसारखं फेकणाऱ्या यंत्राची गरजच पडली नाही. अर्धा डेक संपायच्या आत ती काडी स्वतःच उचलली गेली आणि सरळ वर, सुईसारखी, निळ्यात नाहीशी झाली. हे मी शेवटचं पाहिलं, कारण परतीच्या वेळी डेकवर आमचा एकही माणूस नको असं ऑल्डननी ठरवलं. तार सोडवायला एक पाहुणा शिकवून ठेवला होता. मला खाली धाडलं, वेंडेलपाशी, कानाला फोन लावून बसायला. चौकशी संपेपर्यंत वेंडेल आपल्याच जागेवर होता. दुसरा कुणी तिसऱ्या तारेला हात लावायला तयार नव्हता.

दुपार टळली. फोन खरखरला. हॅवरकॅम्पचा आवाज आला. “टपालाचं विमान!”

मी फोन कानावरून काढून वेंडेलकडे पाहिलं. त्याला ऐकू गेलं होतं.

“चेष्टा करतोय का?” तो म्हणाला.

फोनमध्ये थोडी कुजबुज झाली आणि हॅवरकॅम्प पुन्हा म्हणाला, “टपालाचं विमान. पण... जरा हलकं.”

“किती हलकं ते विचार,” वेंडेल म्हणाला.

मी विचारलं. मग हॅवरकॅम्प, पडेल आवाजात म्हणाला, “सांगता येत नाही, असं ते म्हणतात. मागच्या वेळेपेक्षा बरंच हलकं लावा.”

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या तारेवरच्यांनी आपापल्या अंदाजानं मुठी फिरवल्या आणि एकामागून एक ‘लावलं’ ओरडले. त्यांना दोष देत नाही, त्यांची नाकं चौकशीत सापडली नव्हती. वेंडेलनं माझ्या हातातून फोन घेतला.

“तिसरी तार. लावलं नाही.”

“ट्वेट, लाव.”

“वजन, साहेब.”

“हा हुकूम आहे!”

“हुकूम ऐकला, साहेब. वजन ऐकलं नाही.”

मग ऑल्डनचा आवाज आला. मी त्यांना पहिल्यांदाच घाईत बोलताना ऐकलं. “तो माणूस सकाळपासून वर आहे. त्याचं इंधन संपत आलंय. तुम्हांला कळतंय का तुम्ही काय करताय?”

“मला काय कळतंय ते सांगू? वर एक माणूस आहे एवढं कळतंय. मागल्या खेपेला मी त्याचं नाक फोडलं. त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. आता ‘बरंच हलकं’ लावून त्याची मान मोडू की त्याला समुद्रात सोडू, हे तुम्ही सांगा, मग मी लावतो.”

त्यानं फोन खाली धरला. त्याचा हात मुठीवर होता आणि घामानं मूठ चकाकत होती. तिसऱ्या तारेचा ‘लावलं’ नसला की दिवा लाल. वरती ती काडी घिरट्या घालत असणार. तिला खाली यायला आवडत नाही हे मी पाहिलं होतं, पण इंधन संपल्यावर आवडनिवड कोण विचारतो?

“ट्वेट,” मी म्हणालो, “आणि त्यांनी सांगितलंच नाही तर?”

“गप्प बस, कान्सस.”

“नाही, पण...”

“गप्प बस म्हटलं ना! मलाही ठाऊक नाही.” त्याचा आवाज पहिल्यांदाच माझ्या आवाजाएवढा झाला होता. “मी त्याच्या पुढचं काही ठरवलंच नव्हतं.”

आणि मग फोनमध्ये तिसराच आवाज आला, लांबचा, फुटका. मनोऱ्यातल्या कुणीतरी रेडिओच्या कर्ण्यापुढे फोन धरला होता. कुणी ते कधी कबूल केलं नाही. ड्रायव्हर बोलत होता, उघड्या लहरीवर, ज्याच्या अंगणावरून तो आला होता त्यालाही ऐकू जावं असा.

“खाली दिवा लाल का आहे ते कळलं मला. विचारतोय तो माणूस बरोबर विचारतोय. लिहून घ्या.” आणि त्यानं आपलं वजन सांगितलं, रिकाम्या विमानाचं, उरलेल्या इंधनाचं, कॅमेऱ्याचं, आणि शेवटी म्हणाला, “आणि सकाळचा स्टेक.”

तो आकडा मी इथे लिहीत नाही. तो मला ठाऊक आहे की नाही, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

वेंडेलनं मूठ फिरवली. टपालाच्या विमानापासून खाली, खाली, आम्ही कधी लावत नव्हतो इतकी खाली. मग त्यानं तो आकडा फोनवर जसाच्या तसा ओरडून परत सांगितला. साऱ्या जहाजानं ऐकला. “तिसरी तार, लावलं!”

थोड्या वेळानं वर हलकासा धक्का लागला. यंत्रानं धापा टाकल्या नाहीत, नुसता एक लांब सुस्कारा सोडला आणि थांबलं. वेंडेल यंत्राकडे बघत राहिला.

“एवढंच?” तो म्हणाला. “एवढंसं आहे ते?”

त्याच्यावर आरोप ठेवता आला नाही. आरोप लिहायचा तर कुठलं विमान घिरट्या घालत होतं ते लिहावं लागलं असतं, आणि कुठलंही विमान नव्हतं. ड्रायव्हर साक्ष देऊ शकला नाही, कारण तो जहाजावर नव्हता. आम्ही त्याला जेवणाच्या खोलीत नाकावर पट्टी लावून आईस्क्रीम खाताना पाहिला, तरी नव्हता. हॅवरकॅम्पनं ‘हात घसरला’चा विषय पुन्हा काढला नाही. शब्दही पाळला नाही. बंदराला लागल्यावर चीफ होणाऱ्यांची नावं वाचली गेली, त्यात ट्वेट नव्हता. का, असं विचारायला तो गेला, तर त्याला सांगण्यात आलं की कारण काहीच नाही. कारण असतं तर दाद मागता आली असती.

आणि ऑल्डन? त्यांनी परत गेल्यावर एक सुधारित पद्धत बसवली. येणाऱ्या विमानाचं वजन तारेवरच्या माणसाला आधी, नेमकं, एका बंद फोनवरून कळवायचं. फार नावाजली गेली म्हणे. नव्या पाहुण्यांपैकी एकानं मला ती समजावून सांगितली, जणू आगीचा शोध लावून आला होता. मी म्हणालो, “कुणाच्या डोक्यातून निघालं हे?” तो अभिमानानं म्हणाला, “आमच्याकडे असा विचार करणारी माणसं आहेत.” मी त्याला काही केलं नाही. हातात तार होती, म्हणून.

वेंडेलला जमिनीवर धाडलं. तळावरच्या पोहण्याच्या तलावावर तो नव्या भरतीच्या पोरांना टॉवेल देतो. मी मागल्या महिन्यात रजेवर गेलो तेव्हा भेटलो. केकवाल्यानं केक परत घेतला नव्हता. लोरीननं तो कारखान्यातल्या बायांना कापून वाटला आणि चोच नवऱ्यासाठी घरी आणली, ते त्यानं मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी तिथेच, त्या ओल्या फरशीवर, हॅवरकॅम्प, ऑल्डन आणि वरपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. सही हवी, साक्ष हवी, माझी घ्या, पुन्हा अर्ज करा, म्हणालो.

“कशाबद्दल?” तो म्हणाला. “मी तर ते पाहिलंही नाही.”

टॉवेलांच्या घड्या घालता घालता तो थांबला. “हल्ली वजन सांगतात का?”

“सांगतात.”

“आधी?”

“आधी. नेमकं.”

“बरं,” वेंडेल म्हणाला, आणि मागे वळून, अख्खा तलाव दणाणेल अशा आवाजात ओल्या फरशीवरून पळणाऱ्या एका पोरावर ओरडला.